तुमसर दुपारी जागं असतं

तुमसर दुपारी झोपतं, हे साफ खोटं आहे. तुमसर दुपारी डोळे मिटतं. झोप ही आळशी माणसाची गोष्ट आणि डोळे मिटणं ही भात खाणाऱ्या माणसाची रीत. नागपूरवाल्यांना हा फरक कळत नाही, कारण दुपारी दोन वाजता ते सिग्नलवर उभे असतात आणि तिथं डोळे मिटले तर मागचा हॉर्न वाजवतो.

आमच्यावर नागपुरात एक विनोद चालतो. तुमसरला दुपारी आग लागली तर लोक म्हणतात, "चार वाजू दे, मंग पाहू." हा विनोद मी आजवर नऊ लग्नांत, दोन तेरव्यांत आणि एकदा दाढ काढून घेताना ऐकला आहे. त्या वेळी डॉक्टरचा हात माझ्या तोंडात होता, म्हणून उत्तर देता आलं नाही. बाकी अकराही वेळा मी उत्तर दिलं. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलेला माणूस गावाचा अपमान गिळून बसत नाही.

पण या वेळी विनोद करणारा जावई होता, आणि तो विनोद करत नव्हता.

मनिष, म्हणजे आमच्या नीतूचा नवरा, मूळचा अकोल्याचा, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला. नागपुरात दुसऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो. आता त्याला स्वतःचं दुकान काढायचं होतं. आमच्या जुन्या गिरणीच्या गल्लीत कोपऱ्यावरचा गाळा रिकामा झाला होता. नीतूला इकडे यायचं होतं. ती तसं म्हणत नसे. फोनवर ती नुसतं विचारायची, "बाबा, मागचा मोह फुलला का?" चैत्राच्या तोंडावर एकदा विचारलं तर समजण्यासारखं आहे. ती आषाढातही विचारायची.

एका रविवारी मनिषचा फोन आला. "मामाजी, गाळा चांगला आहे. पण चष्म्याचं गिऱ्हाईक दुपारचं असतं. खेड्यातली माणसं सकाळच्या एसटीनं येतात, धान विकतात, दवाखाना करतात आणि दुपारी मोकळी होतात. नेमकी तेव्हाच गल्ली झोपलेली असेल तर मी मशीन कोणासमोर मांडू? बुधवारी एक ते चार मी कोपऱ्यावर उभा राहतो. माणसं मोजतो. शंभर झाली तर तुमसर. नाही तर गुरुवारी नागपुरातला गाळा पक्का."

"शंभर?" मी हसलो. "जवाईबापू, आमच्याकडे दुपारी पाय ठेवायला जागा नसते."

फोन ठेवला तर समोर आमची बेबीबाई, म्हणजे नीतूची आई, कमरेवर हात ठेवून उभी. "खोटं कायले बोलता जी? दुपारी आपल्या गल्लीत कुत्रंही नसते. कुत्रंही आपल्याच दारच्या सपरीत झोपून राह्यते."

"बुधवारी नाही झोपणार."

"कुत्रं?"

"गल्ली."

सोमवारी सकाळी माझ्या ओट्यावर सभा भरली. तेवीस घरांतून सतरा माणसं आली. आपल्या लोकांमध्ये नागरी भान नाही असं म्हणणाऱ्यांनी ही नोंद करून घ्यावी. मी विषय मांडला. गावाची इभ्रत, झाडीपट्टीचा स्वाभिमान, चहा, मग पुन्हा इभ्रत. कोणी हललं नाही. शेवटी मी म्हणालो, "नीतू चार घरं सोडून राहायला येऊ शकते." तेव्हा सगळे सरसावून बसले.

किराणा दुकानवाला भुपेंद्र पहिला बोलला. "गुरुजी, माही तयारी हाये. पण एक अडचण हाये. दुपारी एकले मी शटर पाडत नाही, ते आपोआप पडते. बुढ्याच्या काळापासून पडून राहिलं."

"त्याच्याखाली वीट ठेव."

"वीट ठेवीन जी, पण मी?"

तलावावर मासे धरणारे तुलारामभाऊ म्हणाले, "मी पहाटं तीन वाजता उठून जाळं टाकाले जातो. दुपारी पाठ टेकली नाही तं दुसऱ्या रोजी डोंग्यातच झोपन. डोंगा जाईल तिकडं जाईन. तुमी मले बालाघाटात पाहाले याल."

मग शेजारच्या बायाबाई बोलल्या. वय ऐंशीच्या आसपास, त्यामुळे त्यांचं मत शेवटी येतं आणि तेच ठरतं. "दोष माणसाचा नाही बाप्पा. दोष भाताचा हाये. भात पोटात गेला का पापणीले ओढते. बुधवारी गल्लीत भात शिजवू नोका. पोळ्या खा."

ओट्यावर बायकांनी पदर तोंडाला लावले, जसे वाईट तार आल्यावर पूर्वी लावत असत. आमच्याकडे माणूस पाच पोळ्या खाऊन उठला तरी त्याला विचारतात, "जेवले का नाही अजून?" भात म्हणजेच जेवण. बाकी सगळी वाट पाहणं. पण नीतूसाठी गल्लीनं तेही कबूल केलं. एकमतानं. तुलारामभाऊंनी हात वर केला तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

भुपेंद्रनं एक जोड सुचवली. भजन मंडळ बसवावं, भोंगा लावावा, म्हणजे कोणाला डुलकी लागणार नाही. भोंगा म्हटला की परवानगी आली. मी एका कार्यालयात गेलो. त्याचं नाव सांगत नाही, मला अजून तिथून दोन दाखले काढायचे आहेत.

टेबलावरच्या बाबूनं अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. "दुपारचं जागरण?"

"हो."

"जागरण रात्री असते, गुरुजी."

"रात्री कोणीही जागतं. त्यात काय मोठेपणा?"

"कारण काय लिहू?"

"झोप येऊ नये म्हणून."

"कोणाले?"

"गावाला."

त्यानं माझ्याकडे अशा काळजीनं पाहिलं की मला स्वतःचीच नाडी बघावीशी वाटली. मग म्हणाला, "आतल्या साहेबाची सही लागते. साहेब जेवाले गेले."

"कधी येतील?"

"चारले."

मी बाकावर बसलो. सव्वाचारला साहेब आले, ताजे, टवटवीत, गालावर उशीची शिवण उमटलेली. त्यांनी लगेच सही केली. बाहेर येऊन कागद वाचला. छापील नमुन्यात 'रात्री' हा शब्द आधीच छापलेला होता आणि पुढे बाबूनं सुबक अक्षरात भरलं होतं, 'एक ते चार'. मी आत जाऊन 'रात्री' खोडायला सांगितलं. बाबू म्हणाला, "छापील मजकुरात खोडाखोड चालत नाही. तसं केलं तं पूर्ण परवानगी रद्द."

म्हणजे रात्री एक वाजता गावाला भोंग्यानं उठवायचा मला कायदेशीर अधिकार मिळाला होता आणि दुपारी तोच भोंगा लावला असता तर गुन्हा झाला असता. भजन रद्द झालं. शाळेतून निवृत्त होताना मिळालेली पितळी घंटा माझ्याजवळ होती. घंटेला भोंगा म्हणत नाहीत. मी ती चिंचेनं घासून ठेवली.

मंगळवारी रंगीत तालीम घेतली. गल्लीतल्या बायकांनी सकाळपासून पोळ्या लाटल्या. ज्या हातांनी जन्मभर तांदूळ निवडले त्या हातांच्या पोळ्या होत्या. एकेक पोळी एकेका जिल्ह्याच्या नकाशासारखी. आमच्या बेबीबाईची गडचिरोली फार हुबेहूब झाली होती. तसं मी कौतुकानं म्हणालो. मला त्या दिवशी भाजी उशिरा मिळाली.

तालीम फसली ती तुलारामभाऊंमुळे, पण त्यांचा दोष नव्हता. भाताचा ढीग ताटात समोर दिसतो. तो कमी होत जातो, माणूस भरत जातो, दोघांची गाठ पडली की हात धुवायचा. पोळी गरम गरम एकेक येते, तिचा ढीग दिसतच नाही. तुलारामभाऊंना कुठं थांबायचं ते कळेना. त्यांनी चौदा खाल्ल्या. मग "मी जरासा टेकतो" म्हणाले आणि संध्याकाळी सहाला उठले. भुपेंद्रनं अकरा खाल्ल्या आणि तो तराजूजवळच आडवा झाला. मी घंटा वाजवत फिरलो. सतरा जणांपैकी तिघांनी डोळे उघडले, आणि त्यातल्या दोघांना वाटलं शाळा सुटली.

रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा सभा झाली. मी खचलो होतो, पण दाखवलं नाही. बेबीबाई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "पोरीले फोन करून सांगून टाका मंग." आणि आत गेली. आत जाऊन तिनं भांडं जरा जोरात ठेवलं.

तेव्हा तुलारामभाऊ बोलले. माणूस चौदा पोळ्यांच्या ओझ्याखाली दबला होता, मान वर करत नव्हता. "गुरुजी, झोप काही मोडत नाही. पण सरकवता येते का? आमी पाणी धानाच्या एका बांधीतून दुसऱ्या बांधीत नाही का सोडत? तसं उद्या गल्लीनं सकाळीच झोपून घ्यावं. नऊ ते साडेबारा. मंग भात खा का काही खा, दुपारी डोळा लागणारच नाही."

मी उठून त्या माणसाला मिठी मारली. वर्गात तो माझ्याकडे दोनदा नापास झाला होता. मला माझ्या गुणदानाची लाज वाटली.

बुधवारी सकाळी नऊला जुन्या गिरणीची गल्ली झोपली. कर्तव्य म्हणून झोपली. दूधवाला आला, कोणी दार उघडेना. पोस्टमन आला, त्यानं दोन घरं ठोठावली आणि सायकल वळवून हळूच निघून गेला. बायाबाईंना झोप येत नव्हती, पण नीतूसाठी त्या डोळे घट्ट मिटून पडल्या होत्या. मधूनमधून विचारायच्या, "लागली का जी मले?" मागच्या मोहाची फुलं पत्र्यावर टप टप पडत होती. तो गोड, जड वास गल्लीभर. मला आपोआप ओवी सुचली:

दुपार येते बाई, पायी पैंजण नाही
गिरणीच्या तालावर, गाव पापणी लावी

दुपार नव्हती, सकाळचे दहा होते, पण ओवीला कोण घड्याळ लावतं?

एवढ्या मोठ्या योजनेत जागा राहिलेला माणूस एकच. मी. तेवीस घरांना साडेबाराला उठवायचं तर कोणीतरी जागं पाहिजे. मी घंटा मांडीवर घेऊन ओट्यावर बसलो. आदल्या दोन रात्री मला नीट झोप लागली नव्हती, पण गावासाठी एवढं चालतं. साडेबाराला घंटा वाजवत निघालो. काय सांगू, काय उठली गल्ली! भुपेंद्रनं शटर वर केलं आणि खाली वीट लावली. तुलारामभाऊ मान दोन्हीकडे मोडून म्हणाले, "तीन रोजाची झोप झाली जी. आता उद्यापर्यंत पाह्यजे तेवढं जागवा." बायका नळावर, पुरुष रस्त्यावर, कोणी खुर्ची विणतो, कोणी उगाच सायकल उलटी करून चाक फिरवतो. ठरल्याप्रमाणे सगळे मोठ्यानं बोलत होते. मी डोळे भरून पाहिलं.

"आता दोन घास खाऊन घ्या," बेबीबाईनं ताट आणलं. "जवाई येऊन राहिले आणि तुमी उपाशी." ताटात वाफाळता भात होता, आमच्या सुवासिक चिन्नोर तांदळाचा, वर तूप. मी म्हणालो, थोडाच वाढ. तिनं थोडाच वाढला, तीनदा.

बरोबर एकला मनिष आला. हातात वही, खिशात पेन. मी कोपऱ्यावर खुर्ची टाकली होती, त्याच्यासाठीही एक होती. तो उभाच राहिला. गल्ली बाजाराच्या दिवसासारखी उसळली होती. त्याच्या भुवया वर गेल्या. पहिल्या दहा मिनिटांत त्यानं वहीत एकवीस रेघा ओढल्या. माझी छाती सदऱ्याच्या गुंड्यांना भारी होऊ लागली.

"पाहिलंत, जवाईबापू?" मी खुर्चीत मागं टेकून म्हणालो. "लोक काय वाट्टेल ते बोलतात. पण मी तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगतो, तुमसरचा माणूस दुपारी कधीही..."

त्यापुढं मला काही आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा माझ्या डोक्यावर निळी ताडपत्री होती. चार कोपरे चार खिडक्यांना बांधलेले. मानेखाली उशी, आणि तिचा अभ्रा भुपेंद्रच्या घरचा. समोरच्या भिंतीवर सावली चढली होती. गल्लीत चिक्कार माणसं होती आणि एकही आवाज नव्हता. माणसं चपला हातात घेऊन चालली होती. नळाखाली बायकांनी फडकं धरलं होतं, म्हणजे पाणी बादलीत वाजणार नाही. भुपेंद्रच्या दुकानापुढं एक म्हातारा शेंगदाण्याचा भाव बोटांनी करत होता.

मी घड्याळ पाहिलं. चार वाजून सात मिनिटं.

एका नजरेत सगळं कळलं. तीन तासांत अख्ख्या तुमसरमध्ये झोपलेला माणूस एकच होता, आणि तो गावाच्या इभ्रतीचा सचिव होता.

"उठले, उठले!" बायाबाई ओरडल्या, आणि एवढा वेळ दाबून ठेवलेला गल्लीचा आवाज एकदम बाहेर पडला. सगळे एकाच वेळी सांगू लागले.

"तुमी बोलता बोलता मान टाकली जी," भुपेंद्र म्हणाला. "मले वाटलं, गेले. जवळ येऊन पाह्यलं तं घोरून राहिले."

"उठवलं का नाही?" मी कळवळलो.

"उठवणार होतो. बेबीकाकू म्हणाल्या, दोन राती झोपले नाही ते, राहू द्या."

"अन् मंग तो ट्रॅक्टर आला नं!" तुलारामभाऊ मध्ये घुसले. "धानाची ट्रॉली. भरडाईले गिरणीवर चालली होती. फटफट, फटफट! मी मधात जाऊन उभा राह्यलो. म्हटलं, बंद कर. तो म्हणते, कायले? म्हटलं, गुरुजी झोपले हायेत. त्यानं पाह्यलं तुमच्याकडं. तुमचाच विद्यार्थी निघाला, सीताबाईचा लेक. त्यानं टिचकी मारली का नाही, इंजीन बंद. मंग आमी ट्रॅक्टर ढकलला."

"भरलेली ट्रॉली?"

"भरलेली. अकरा जण लागले. बारावे जवाईबापू."

मी हळूच मनिषकडे वळलो. त्याच्या पांढऱ्या शर्टावर ट्रॉलीच्या गंजाचा मोठा पट्टा उमटला होता. हाताला ग्रीस. वही भिंतीतल्या देवळीत पडलेली.

"मामाजी," तो म्हणाला, "मोजणी अर्धीच राहिली. एकसष्टपर्यंत रेघा ओढल्या, मग दोन्ही हात ट्रॉलीला लागले."

एकसष्ट. शंभराला एकोणचाळीस कमी. मी ताडपत्रीखालून उठलो. म्हणालो, "समजलो. नागपूर चांगलं शहर आहे. नीतूला सांगा, बाबांनी प्रयत्न केला."

मनिषनं रुमालानं हात पुसले. फार वेळ पुसले. "माझे बाबा अकोल्याला रात्रपाळी करायचे," तो म्हणाला. "सकाळी येऊन झोपायचे. मी सात वर्षांचा होतो. दारात उभा राहून प्रत्येक स्कूटरवाल्याला सांगायचो, काका, हॉर्न नका वाजवू. एकानंही ऐकलं नाही कधी." त्यानं देवळीतून वही उचलली आणि सायकल उलटी करून बसलेल्या माणसाकडे पाहिलं. तो अजून चपला हातात धरून होता. "गाळ्याची चावी कोणाकडे असते?"

चावी बायाबाईंच्या कमरेला होती. त्यांनी ती काढून दिली आणि म्हणाल्या, "पहिले माहे डोळे पाह्यजो बाप्पा. मले दुपारी झोप येत नाही, तं दिसत तरी जाईल."

दुकान अक्षय्यतृतीयेला उघडलं. पाटीवर मनिषनं स्वतः वेळ लिहिली: सकाळी आठ ते एक, दुपारी चार ते नऊ. मी कडाडून विरोध केला. म्हणालो, जवाईबापू, नागपूरवाले काय म्हणतील? ज्या वेळेसाठी अख्खी गल्ली जिवाचं रान करून जागली तीच वेळ बंद? तो म्हणाला, "मामाजी, तुमच्याकडचा भात खाऊन मशीनमधून बघितलं तर मला गिऱ्हाईकाला दोनऐवजी चार डोळे दिसतात." ज्वारीवर वाढलेला माणूस दोन महिन्यांत हातचा गेला. पण मुद्दा कायम आहे आणि मी तो आजही कोणत्याही लग्नात मांडायला तयार आहे: तुमसर दुपारी जागं असतं. गरज पडली तर.

नीतू सामान लावून झाल्यावर पहिल्यांदा घरी आली ती दुपारी दोनला, हातात डबा घेऊन. तिनं दार वाजवलं असणार. हाकाही मारल्या असणार. आम्ही दोघंही आत डोळे मिटून होतो.

चारला मी दार उघडलं. पोरगी ओट्यावर, भिंतीला टेकून, डबा मांडीत घेऊन गाढ झोपली होती. केसांत सरत्या मोहाचं एक फूल पडलेलं. बेबीबाई मागून आली, "अवो, माही पोरगी बाहेर!" म्हणत तिला हलवायला वाकली.

मी तिचा हात धरला. म्हणालो, "राहू दे. चहा पाचलाही होतो."